घटस्थापनेला बी, पाडव्याला कुंडी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी तुमच्या पेपरची जुनी वाचक. रविवारच्या पुरवणीतलं बागेचं पान मी आधी काढून ठेवते, बाकीचा पेपर घरातल्यांना. जुलैत त्या पानावर घरचे टोमॅटो आणि कुंडीतली शोभेची छोटी झाडं असा मोठा लेख आला होता. लेख मन लावून लिहिलेला होता आणि फोटो तर फारच सुंदर, पण त्यात होतं की पाऊस सुरू झाला की जून-जुलैत टोमॅटोची रोपं उघड्यावर लावा, आणि कुंडीसाठी झाडं सुचवली होती जपानी मेपल आणि जुनिपर. ते वाचून आमच्या वाडीत चौघींनी टोमॅटोची रोपं आणली आणि चौघींचीही गेली. म्हणून हे पत्र लिहायला बसले, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी हर्णैची, ता. दापोली. बंदर चालत दहा मिनिटांवर, आमच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, सुवर्णदुर्ग किल्ला दिसतो. आमच्या तालुक्यात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. जून-जुलैला टोमॅटो लावायचा सल्ला नारायणगावला बरोबर आहे, पिंपळगाव बसवंतला बरोबर आहे, तिकडे पाऊस बेताचा आणि पाणी निचरून जातं. आमच्याकडे जुलैत कुंडीतली माती चार-चार दिवस वाळत नाही, रोपाच्या मुळांना हवा मिळत नाही, वरून करपा येतो आणि खालून मर.

ही मर म्हणजे काय ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभराच्या वर गेला होता, काही ठिकाणी तर दोनशेपर्यंत, तेव्हा मी पण बाजारातून दहा रोपं आणून लावली. माझ्या दारावर मासळी घेऊन येणारी मावशी बघून म्हणाली, "अगो बाय, पावसात टमाटी नाय होत, कशाला पैसे घालवलेस." मी ऐकलं नाही. तीन आठवडे रोपं छान वाढली आणि मग एके दिवशी दुपारी एका झाडाने मान टाकली, संध्याकाळी परत ताठ झालं, मला वाटलं बरं झालं असेल, तिसऱ्या दिवशी सकाळी झाड पूर्ण झोपलेलं, पण पानं हिरवीच, एकही पान पिवळं नाही. पंधरा दिवसांत दहातली आठ तशीच गेली. आमच्या भागातल्या कृषी सहाय्यकांनी तेव्हा एक गोष्ट दाखवली ती सगळ्यांना माहीत असायला हवी. त्यांनी मेलेल्या झाडाचं बुंध्याजवळचं दोन-तीन इंचाचं खोड कापलं, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेतलं आणि ते खोड पाण्यात उभं धरून ठेवलं. दोन-चार मिनिटं काहीच झालं नाही. मग कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा बारीक धागा खाली उतरायला लागला, आधी एक, मग तीन-चार, आणि हळूहळू ग्लासच्या तळाशी पाणी धुरकट झालं. ते म्हणाले हे सगळे जीवाणू आहेत, यांनी झाडाच्या पाणी चढायच्या नळ्याच बंद केल्यात, म्हणून मुळाशी चिखल असून झाड तहानेने मेलं.

या जीवाणूला उबदार, ओली आणि आंबट माती आवडते, म्हणजे थोडक्यात आमचा पावसाळा. तो मातीत वर्षानुवर्षं राहतो, वाहत्या पाण्याबरोबर आणि कुदळ-खुरप्याला लागून पसरतो, आणि टोमॅटोबरोबर वांगी, मिरची, बटाटा यांनाही धरतो. एकदा लागला की कुठल्याही फवारणीने झाड वाचत नाही हे लक्षात घ्या, दुकानात बाटली देतील ती घेऊ नका. ते झाड मुळासकट उपटून लांब टाकायचं, ती माती परत टोमॅटोला वापरायची नाही, तिच्यात चवळी, वाल, कुळीथ असलं काहीतरी घ्यायचं.

आता आमच्याकडे टोमॅटो होतच नाही का, तर होतो आणि फार छान होतो, फक्त त्याची वेळ वेगळी आहे. मी चार-पाच वर्षं धडपडून जे कॅलेंडर बसवलंय ते सणांवर आहे, तारखा लक्षात राहत नाहीत म्हणून. घटस्थापनेला बी पेरायचं, त्याच दिवशी घरात धान्य पेरतोच आपण. दिवाळीच्या पाडव्याला रोप कुंडीत, म्हणजे बरोबर महिन्याचं रोप होतं आणि तोवर पाऊस गेलेला असतो. संक्रांतीच्या सुमाराला पहिलं फळ लाल होतं आणि शिमग्यात पालखी घरी येते तोपर्यंत झाड देत राहतं. त्यानंतर ऊन वाढतं, झाड थकतं, फुलं येतात पण गळतात. याचं कारणही सरळ आहे, टोमॅटोला फळ धरायला रात्र थोडी गार लागते, साधारण १५ ते २१ अंश, आणि दिवसा पारा ३५ च्या पुढे गेला की परागच नीट काम करत नाहीत. आमच्या किनाऱ्यावर तशा रात्री डिसेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच मिळतात. माझी नणंद दापोली गावात राहते, इथून पंधरा किलोमीटर पण वर डोंगरावर, तिच्याकडे थंडी चांगली पडते आणि तिची झाडं माझ्यापेक्षा तीन आठवडे जास्त फळं देतात. एकाच तालुक्यात एवढा फरक पडतो, मग पुण्याचा सल्ला हर्णैला कसा चालेल?

आणि अडचण अशी की आमच्या बाजारात टोमॅटोची रोपं मिळतात कधी, तर जूनमध्ये! घाटावरून रोपांचा टेम्पो तेव्हा येतो. दिवाळीत रोप शोधायला गेलं तर कुणाकडे नसतं. म्हणून बी घरीच पेरावं लागतं. मी अर्का रक्षक लावते, बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची जात आहे, पानं वळवणारा व्हायरस, ही जीवाणूंची मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना ती बऱ्यापैकी तोंड देते. संकरित आहे त्यामुळे फळातलं बी धरून पुढच्या वर्षी लावू नका, तसलं झाड येत नाही. ज्यांना बी धरायचंय त्यांनी केरळ कृषी विद्यापीठाची 'शक्ती' ही जात बघावी, ती पण मर सहन करणारी आहे आणि तिचं बी धरता येतं.

कुंडी म्हणून मी बंदरावरचे थर्माकोलचे खोके वापरते. मासळी बर्फात घालून पाठवतात ते, कोपरा तुटला की फेकून देतात, किनाऱ्यावर पडलेले असतात. घरी आणून दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुवायचे म्हणजे मीठ निघून जातं, तळाला बोटाएवढी सात-आठ भोकं, आणि एका खोक्यात दोनच झाडं. लोभ करून चार लावली की काही मिळत नाही. थर्माकोलमुळे मुळं तापत नाहीत हा मोठा फायदा, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत मार्चमध्ये मुळं शिजतात. तळाला जांभ्याची खडी, त्यावर नारळाच्या सोडणाचे, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीचे, तुकडे, मग लाल माती, जुनं शेणखत आणि भाताचं तूस. लाल माती एकटी घालू नका, दोन पाणी पडली की विटेसारखी बसते.

चुन्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण ते कुठेच नीट लिहिलेलं नसतं. आपली जांभ्याची माती आंबट असते, एवढ्या पावसाने तिच्यातला चुना धुऊन गेलेला असतो. टोमॅटोला चुना कमी पडला आणि पाणी कधी खूप कधी नाही असं झालं की फळाचा खालचा भाग काळा, चामड्यासारखा बसका होतो. लोक म्हणतात कीड आहे आणि औषध मारतात. कीड नाही ती. शिंपल्यांचा विरलेला चुना मिळाला तर एका खोक्याच्या मातीला एक मूठ, घटस्थापनेच्या सुमाराला मिसळून ठेवायचा, आणि शेणखत त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी घालायचं. दोन्ही एकाच दिवशी घातलं तर खतातला नत्र वायू होऊन उडून जातो. पाणी रोज ठरल्या वेळी, बुंध्याशी, पानांवर नाही. फुलं आली की सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला फुलांच्या घोसाला हलकी टिचकी मारायची, आमच्या दमट हवेत पराग चिकटून बसतात ते मोकळे होतात. माझ्या पुतणीला हे काम दिलंय, ती शाळेत जायच्या आधी सगळ्या झाडांना टिचक्या मारून जाते. आणि हो, माकडं. त्यावर माझ्याकडे जाळीशिवाय उपाय नाही, जुन्या मासेमारीच्या जाळ्याने पूर्ण झाकते.

गेल्या वर्षी मी आणखी एक प्रयोग केला तो माझ्या फार जवळचा आहे. वांग्याच्या रोपावर टोमॅटोचं कलम. रानवांगं मातीतल्या मरीला दाद देत नाही, त्याचा खुंट घ्यायचा आणि वर टोमॅटोची शेंडी. वांग्याची वाढ हळू म्हणून त्याचं बी आधी टाकायचं, दोन्ही खोडं सारख्या जाडीची झाली की तिरका काप घेऊन जुळवायची, छोट्या क्लिपने धरून ठेवायची आणि आठवडाभर सावलीत प्लॅस्टिकच्या पिशवीखाली, दमट. बारा केली, सात जगली, आणि त्या सातातलं एकही मरीने गेलं नाही. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, आंबा-काजूची कलमं बांधणारे हात आमच्या घराघरात आहेत, त्या हातांना टोमॅटोचं कलम अवघड नाही, फक्त कुणीतरी दाखवायला पाहिजे. तुम्ही या विषयावर विद्यापीठातल्या एखाद्या शास्त्रज्ञांकडून लेख लिहून घ्या अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता शोभेच्या झाडांकडे येते, आणि इथे मला जास्त वाईट वाटलं.

माझ्या जाऊबाईंनी शहरातल्या एका प्रदर्शनातून जुनिपरचा बोन्साय आणला होता, बावीसशे रुपयांचा, मुलाच्या नवीन घरासाठी. विकणाऱ्याने सांगितलं घरात टीव्हीजवळ ठेवा, आठवड्यातून एकदा पाणी. दीड महिना ते झाड हिरवं दिसलं आणि मग एकदम गवतासारखं वाळलं. त्या रडल्या अक्षरशः, म्हणाल्या माझ्या हातालाच झाड लागत नाही. तर त्यांचा काहीच दोष नव्हता. जुनिपर थंड प्रदेशातलं झाड, त्याला बाहेरचं ऊन-वारं आणि हिवाळा लागतो, आणि ते मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं, म्हणजे कळलं तेव्हा ते कधीच गेलेलं होतं. जपानी मेपलचंही तेच, त्याला हिवाळ्यात पानं टाकून झोपायला खरी थंडी लागते, ती हर्णैला कुठून येणार? बोन्साय म्हणजे जपानी भाषेत कुंडीतली लागवड एवढंच, त्यासाठी झाड जपानचंच पाहिजे असं नाही.

माझा वड बघा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या परड्यातल्या अकरा माडांपैकी सहा पडले, पोफळी तर मोजल्याच नाहीत, सासऱ्यांनी लावलेला बकुळ मुळासकट उपटला. आम्ही त्याला ओवळ म्हणतो, पहाटे त्याखाली फुलांचा सडा असायचा. माड पडला त्याखाली मागचा गडगाही, म्हणजे दगडी कुंपणही, कोसळलं, आणि चिरे उचलताना दोन दगडांच्या मध्ये वितभर वडाचं रोप सापडलं, मूळ चपटं झालेलं, दगडांच्या फटीसारखं. त्या दिवसांत लाईट नव्हती, डोक्यावर पत्रे नव्हते, पण मी ते रोप टाकून देऊ शकले नाही. एका फुटक्या घमेल्याला ड्रिलने भोकं पाडून त्यात लावलं. आज तो दोन फुटांचा आहे, खोड माझ्या मनगटाएवढं, आणि दर पावसाळ्यात, श्रावणाच्या सुमाराला, त्याच्या फांद्यांना पारंब्या सुटतात. दोऱ्यासारख्या बारीक, टोकाला गुलाबीसर, हात लावला तर ओलसर लागतात. हे आमच्या दमट हवेमुळे होतं, कोरड्या हवेत एवढ्या छोट्या वडाला पारंब्या आणायला लोक काय काय खटाटोप करतात. आमच्याकडे त्या आपसूक येतात.

वाडीतल्या बायका आता वटपौर्णिमेला त्याच वडाला सूत गुंडाळतात. आधी बाजारातून फांद्या आणायच्या, वीस-वीस रुपयांना, दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या उकिरड्यावर. आता ते बंद झालं. आणि ती वेळ झाडासाठीही बरोबर आहे, पूजा झाली की दोन-तीन दिवसांनी मी सूत सोडून त्याला घमेल्यातून काढते, तिसरा हिस्सा मुळं कापते, माती बदलते आणि पडवीच्या कडेला ठेवते. जूनच्या हवेत तो पंधरा दिवसांत नवीन पानं काढतो. फांद्या वळवायला तार वापरत नाही, पावसात वड इतका भराभर वाढतो की तार सालीत रुतून कायमचा व्रण पडतो, काथ्याने ओढून बांधते आणि दर महिन्याला गाठ सैल करते.

वादळापासून मी झाडं कुंडीतच ठेवते कारण कुंडी उचलून आत घेता येते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आदल्या संध्याकाळी मी, पुतणी आणि शेजारची दोन मुलं, सगळ्या कुंड्या माजघरात नेल्या, रात्रभर आम्ही आणि झाडं एकत्र. एक फांदी मोडली नाही. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं करताना लोक माडाची झापं बांधतात, लाकडं भरतात, त्यातच कुंड्या घराच्या पूर्वेला हलवायचं काम धरा, पावसाचा वारा नैऋत्येकडून येतो. खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा जळतात, वादळ झालं की पानं गोड्या पाण्याने धुवा. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याच्या विहिरी मचूळ होतात, ते पाणी कुंडीत साठून मीठ धरतं, त्यासाठी पावसाचं पाणी दोन पिंपं तरी झाकून ठेवावं. आणि कुंडीखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढून टाका, डेंग्यूचे डास त्यातच होतात.

वड सोडून सुद्धा कितीतरी झाडं आहेत. खुरचाफा कुंडीत फार देखणा होतो, फांदी तोडून आठवडाभर सावलीत चीक वाळू द्यायचा आणि मग लावायची, लगेच लावली तर कुजते, पावसात त्याच्या पानांखाली नारिंगी तांबेरा येतो ती पानं काढून टाकायची. कुंती आहे, कण्हेर आहे. आणि अनंत! अनंताबद्दल मला मुद्दाम लिहायचंय. देशावर काळ्या चुनखडीच्या मातीत अनंताची पानं पिवळी पडतात, तिकडचे लोक त्याला लोह देत बसतात. आमच्या आंबट लाल मातीत तो काही न घालता काळपट हिरवा राहतो. म्हणजे माझ्या खळ्यात एकाच मातीचे दोन ढीग असतात, टोमॅटोच्या ढिगात चुना आणि अनंताच्या ढिगात चुना अजिबात नाही, आणि एकदा पुतणीकडून चुकून चुना अनंताला गेला तर महिन्याभरात त्याची वरची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. पुरवणीत "कुंडीत मूठभर चुना घालावा" असं सरसकट छापलं की हे असं होतं.

म्हणून संपादक साहेब, एवढंच करा. बागेच्या प्रत्येक लेखाच्या डोक्यावर एक ओळ छापा, की हा सल्ला कुठल्या भागासाठी, किती पावसासाठी आणि कुठल्या मातीसाठी आहे. कोकणासाठी महिन्यातून एक तरी वेगळा लेख द्या, लिहिणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, विद्यापीठातले आहेत आणि परसात हात घालणाऱ्या बायकाही आहेत. रोपवाटिकावाल्यांनाही तुमच्या पानावरून सांगा की रोपाला जातीचं नाव आणि लावायचा महिना लिहिलेली चिठ्ठी बांधा. ज्या बाईचं रोप मरतं ती पुढच्या वर्षी लावत नाही, तिला वाटतं आपलंच चुकलं. आमच्या वाडीतल्या त्या चौघींना मी सांगितलंय की परत लावायचं, खोके मी देते.

गणपती गेले, पितृपंधरवडा लागलाय. माझे नऊ खोके धुऊन उपडे घातलेत आणि चुना आणून ठेवलाय. पत्र छापणार असाल तर घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी छापा, म्हणजे ज्यांना बी आणायचंय त्यांना बाजार गाठता येईल.

आपली,
एक वाचक, हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी